बठ्ठा लॉट पास शे का?

आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी धुळ्याहून जळगावला गेले, तेव्हा नाना खिडकीशी बसून इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये साधं पाणी ओढत होते. शेजारी फुलपात्र, त्यात माठातलं पाणी. वीसच्या रेघेपर्यंत ओढायचं, सिरिंज उजेडाकडे धरायची, डावा डोळा मिटून पाहायचं, पाणी परत फुलपात्रात सोडायचं. मग पुन्हा.

"चहा झाला का?" मी विचारलं.

"किती दिसतं?" त्यांनी सिरिंज माझ्यापुढे धरली.

"वीस."

"नीट बघ."

"वीसच आहे, नाना."

"मलाही वीसच दिसतं," ते म्हणाले, आणि पाणी सोडून पुन्हा ओढायला लागले.

मी पिशवी ठेवून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दूध उतू गेल्याचा डाग होता, तो आठवडाभराचा तरी असावा. आमच्या घरात असा डाग मी कधी पाहिला नव्हता.

नाना, म्हणजे माझे वडील भाईदास पाटील, वरणगावच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होते. काडतुसं तयार झाली की प्रत्येक लॉटमधून काही नमुने निवडायचे, ते झाडून पाहायचे, सगळे नीट निघाले तर उरलेला लॉट पास. एक जरी दगा देणारं निघालं तर चौकशी. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, की मग सगळीच का तपासत नाही? ते हसले होते. "सगळी झाडून पाहिली तर सैनिकाला काय देऊ, रिकाम्या नळ्या? जे तपासलं ते वापरता येत नाही, आणि जे वापरतात ते तपासलेलं नसतं. मधे फक्त लॉट नंबर असतो. त्यावर विश्वास." निवृत्तीनंतर त्यांनी जळगावात मेहरूणला घर घेतलं, पण सवय तीच राहिली. गॅसची टाकी आली की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. दुधात बोट बुडवून नखावरचा थेंब तिरपा करायचे.

आईचं, सुनंदाबाईंचं, माहेर धुळ्याकडचं. ती शेवटपर्यंत अहिराणीतच बोलली, 'सगळा'ला 'बठ्ठा', 'आहे'ला 'शे'. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊबंदांत तिला बोलावणं असायचं, कारण खापरावर मांडे करावे तर तिनेच. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, समोर मांडी घालून बसलेली आई, आणि तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरत जाणारा पुरणाचा मांडा. तो फाटायचा नाही. गुडघे गेल्यापासून तिला खाली बसता येत नव्हतं. गेल्या आखाजीला ती खुर्चीवर बसून इतरांना सांगत होती, आणि तिच्यादेखत एकामागून एक मांडा फाटत होता. घरी आल्यावर ती जेवली नाही.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. त्यासाठी इंजेक्शन असतं का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, असतं, पण तुम्हाला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आधी किडनीच्या तपासण्या करू, घाई नको. आईला पुढच्या आखाजीला खाली बसायचं होतं.

डिंपल माझ्या मामेभावाची, कुंदनची बायको. धुळ्याला देवपुरात राहते. दिवाळीला ती आली तेव्हा तिचे सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले होते. तिने सांगितलं, की तेच औषध पावडरच्या बाटलीत ऑनलाइन मिळतं. पेप्टाइड म्हणतात. सोबत पाणी येतं, आपणच कालवायचं, आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. फोनवर एक ग्रुप होता, विकणारा त्यातच होता, त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता.

"बाटलीवर पाच मिलिग्रॅम लिहिलंय म्हणजे आत पाच आहे कशावरून?" नानांनी विचारलं.

"त्यांचं सर्टिफिकेट असतं ना, काका."

"करणाऱ्यानेच पास करायचं? मग मला सरकारने पगार कशाला दिला?"

त्यांनी दोन बाटल्या मागवल्या. एक न उघडता नाशिकला पाठवली. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा भूषण तिथे एका खासगी प्रयोगशाळेत आहे. रिपोर्ट आला: पावडर शुद्ध, आत लिहिल्याइतकीच. नानांना मनापासून आनंद झाला. त्यांनी तो रिपोर्ट डिंपलला ग्रुपवर टाकायला लावला, लोकांच्या उपयोगी पडेल म्हणून. मग दुसऱ्या बाटलीवर आईचा पहिला महिना सुरू झाला. दहाच्या रेघेपर्यंत.

मी एकदा तिथे होते. नाना चष्मा पुसून सिरिंज भरत होते आणि आई पदर बाजूला करून खाटेवर बसली होती.

"बठ्ठा लॉट पास शे का, इन्स्पेक्टर साहेब?"

"पास शे. हलू नको."

"मच्छर बी यानापेक्षा जास्त चावस."

"मच्छरना रिपोर्ट नही ना येत," नाना म्हणाले, आणि ती एवढी हसली की त्यांना सुई मागे घ्यावी लागली.

महिन्यानंतर नानांनी आणखी चार बाटल्यांचा डबा मागवला. विकणाऱ्याला निक्षून कळवलं, की त्याच लॉटच्या हव्यात. त्याच लॉटच्या आल्या. नंबर त्यांनी भिंगातून ताडून पाहिला. ग्रुपवरच्या तक्त्याप्रमाणे दुसऱ्या महिन्यात मात्रा दुप्पट करायची होती. नवी बाटली उघडली त्याच दिवशी त्यांनी दहाऐवजी वीसच्या रेघेपर्यंत भरलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला उलट्या सुरू झाल्या. ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, सुरुवातीला होतं असं, सहन करा, पाणी प्या. पाणीही पोटात टिकत नव्हतं. तिने मला फोनवर सांगितलं, वजन उतरी ऱ्हायनं, चांगलंच शे. दवाखान्यात नेलं तेव्हा लघवी बंद झाली होती. ती पौषात गेली.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिलं होतं? नाना म्हणाले, वीसपर्यंत. डॉक्टर म्हणाले, नक्की? त्यांनी सहज विचारलं असेल. नाना त्या एका शब्दापाशी थांबले ते तिथेच.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय असं त्यांना वर्षभरापूर्वी कुणीतरी सांगितलं होतं. आई गेल्यापासून ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळत होतं.

ती बाटली राहिली असती तर चूक बाटलीची की हाताची, हा प्रश्न मिटला असता. पण तेराव्याला पुष्पाआत्याने घर आवरलं. गेलेल्या माणसाचं वापरलेलं आमच्यात घरात ठेवत नाहीत. गादी, चपला, फणी, बीपीच्या गोळ्या, फ्रीजमधली अर्धी बाटली, सगळं गेलं. न उघडलेल्या बाटल्यांचा डबा तेवढा राहिला, कारण त्याला आईचा हात लागला नव्हता. त्यात तीन बाटल्या होत्या.

मी जळगावला गेले त्या दिवशी चहा झाल्यावर मी तो डबा फ्रीजमधून काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"ह्या तपासायला पाठवू."

"कशाला?"

"बाटलीतच जास्त असेल तर?"

"लॉट पास झालाय, रत्ना."

"एक बाटली पास झालीय."

"नंबर तोच आहे. नंबर म्हणजे एकाच वेळी, एकाच यंत्रावर, एकाच मालातून केलेलं. दोन बाटल्यांत केसभर फरक पडेल, माणूस मरेल एवढा नाही पडत. बाटली बरोबर होती. म्हणजे..." सिरिंज फुलपात्राच्या काठावर आडवी ठेवली होती, ती त्यांनी सरळ केली.

"तरी मी नेते."

त्यांनी डबा उघडून बाटल्या मोजल्या. मग म्हणाले, "नेतेस तर तिन्ही ने. एकावर काही ठरत नाही."

बोलून झाल्यावर त्यांचं वाक्य त्यांनाच ऐकू आलं असावं. फॅक्टरीत त्यांनी एका नमुन्यावर कधीच काही पास केलं नव्हतं. ते उठले आणि मागच्या दारी जाऊन उभे राहिले.

बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा मांडीवर घेऊन मी एस.टी.ने धुळ्याला आले. नाशिकला जाण्याआधी डिंपलकडे गेले. तिने दार उघडलं आणि माझ्या हातातला डबा पाहून मागे सरकली.

"ताई, मी आता घेत नाही हो. शपथ."

"मी तुला बोलायला नाही आले. एवढंच सांग, तुला कधी काही वेगळं वाटलं होतं का?"

तिने मला आत बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाली, "पहिल्या बाटल्यांनी उतरलं. दिवाळीनंतरची बाटली म्हणजे नुसतं पाणी. भूक अशी लागायची की कुंदन म्हणे, हे काय, उलटं इंजेक्शन आणलं का तू? मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

"लॉट कोणता होता?"

"तोच ना. पाटीलकाकांचा लॉट."

"काय म्हणालीस?"

तिने जीभ चावली. मग फोन काढून माझ्यासमोर धरला. नानांचा रिपोर्ट होता. प्रयोगशाळेचा शिक्का तसाच, नंबर तसाच, त्याखाली रंगीत अक्षरांत लिहिलेलं: बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासलेला माल. खाली लोकांची विचारणा. कुणी चाळीसगावचं, कुणी नागपूरचं. पाटीलकाकांचा लॉट आहे का? मला पाटीलकाकांचाच द्या.

"काकांचा रिपोर्ट आला ना, तेव्हापासून सगळे तोच नंबर मागायला लागले," डिंपल म्हणाली. "आणि तोच नंबर येतोय सगळ्यांना. अजून."

"संपत नाही तो लॉट?"

डिंपल रडायला लागली. मला रडू आलं नाही. विकणाऱ्याला एक चांगला नंबर सापडला होता, आणि तो नंबर आता हाताला येईल त्या बाटलीवर लागत होता. हे नानांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. जिथे त्यांनी आयुष्य काढलं, तिथे नंबर मालाच्या मागे जायचा. मागितलेला नंबर चिकटवून मिळतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

धुळ्यात एका कॉलेजचं ग्रंथालय मी सांभाळते. बाटल्या नाशिकला भूषणकडे देऊन आल्यावर पुढचे काही दिवस मी पुस्तकं कपाटात लावत राहिले आणि एकच विचार करत राहिले, की यातलं नानांना किती सांगायचं. बाटल्या खराब निघाव्यात अशी मी प्रार्थना करत होते. अशी प्रार्थना कुणाकडे करतात, मला माहीत नाही.

भूषणचा रिपोर्ट चैत्रात आला. मी तो फोनवर वाचून दाखवला नाही, जळगावला गेले.

"वाच," नाना म्हणाले.

"पहिली, बरोबर पाच मिलिग्रॅम. दुसरीत एकसुद्धा नाही, जेमतेम पाऊण. तिसरीत..."

"बोल."

"अकराच्या वर."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, भिंग लावून स्वतः वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, ते सुटकेचा श्वास टाकतील.

"म्हणजे तुमचा हात नव्हता, नाना. वीसच भरलं असणार तुम्ही. बाटलीतच दुपटीहून जास्त..."

"तिसऱ्या बाटलीत," ते म्हणाले. "तिची बाटली ह्या तिसरीसारखी होती की पहिलीसारखी, ते ह्यात नाही."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"आणि एका लॉटात असा फरक पडत नाही. हा एक लॉटच नाही." कागदावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "मग नंबर एक का?"

बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर पाण्याची टाकी भरून वाहत होती. मी त्यांना खोटं सांगू शकले असते. पण आयुष्यभर तपासत आलेल्या माणसासमोर माझं गप्प राहणंही पुरेसं होतं.

"माझ्या रिपोर्टचा नंबर आहे," ते हळूच म्हणाले. "तो पास झालेला नंबर आहे, म्हणून. होय ना?"

"होय."

"तुला माहीत होतं?"

"डिंपलने सांगितलं. लोक त्याला पाटीलकाकांचा लॉट म्हणतात."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "टोचताना ती मला दर वेळी विचारायची." मी पाण्याचा पेला आणायला आत गेले, आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले.

संध्याकाळी त्यांनी डिंपलला फोन लावला. आवाज कोरडा, कचेरीतल्यासारखा. तिन्ही बाटल्यांचे आकडे ग्रुपवर टाक. खाली लिही: हा लॉट नापास आहे, कुणी वापरू नये. भाईदास पाटील, मेहरूण, जळगाव. माझा फोन नंबरही टाक. डिंपलने टाकलं. थोड्या वेळातच तिला ग्रुपमधून काढून टाकलं. पण तेवढ्यात काहींनी वाचलं असावं. रात्री जेवताना चाळीसगावहून एका बाईचा नानांना फोन आला. तिने बाटली मोरीत ओतली होती. ओतली ते बरं केलं ना, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. नाना म्हणाले, "चांगलं केलं, बाई. डॉक्टरांना दाखवा." फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "उद्या डोळे दाखवून येऊ."

"उद्याच?"

"बाटल्यांची तपासणी झाली. माझी राहिली आहे."

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी दिवा लावून पाहिलं, तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. नानांनी वाचली, खालच्या दोन ओळी सोडून. डॉक्टर चष्म्याचा नंबर लिहीत होत्या, तेव्हा नानांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून टोपण लावलेली सिरिंज.

"यात किती आहे, मॅडम?"

त्या गोंधळल्या. माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"वीस," त्या म्हणाल्या.

"मी भरलंय. घरून निघताना, ह्या डोळ्याने."

"मग छान दिसतंय की तुम्हाला, काका. मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही."

"चार महिन्यांपूर्वी किती दिसत असेल?"

"मोतीबिंदू वाढत जातो. म्हणजे तेव्हा आजच्यापेक्षा बरंच दिसत असणार."

नानांनी मान हलवली. डॉक्टरांना वाटलं विषय संपला. पण त्यांनी पुन्हा विचारलं, "पण चूक झालीच नसेल, असं सांगता येतं का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आता बहुतेक त्यांच्या लक्षात आलं असावं. "ते कसं सांगू, काका? उजेड कसा होता, घाई होती का, हात हलला का... ते त्या दिवसाबरोबर गेलं."

"बरोबर," नाना म्हणाले. "बरोबर सांगितलं तुम्ही." ते उठले आणि सिरिंज तिथल्या सुयांच्या डब्यात टाकली. घरी परत आणली नाही.

आखाजी चार दिवसांवर आली होती. गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची असते, आणि आईची ही पहिलीच. परतताना रस्त्याच्या कडेला घागरी मांडून एक कुंभारीण बसली होती. नानांनी रिक्षा थांबवली. तिने वरची घागर उचलून दिली, तशी ते घेऊन वळायला लागले.

"वाजाडी देखा ना, आबा," ती म्हणाली. "मंग म्हनशात, पाझरी ऱ्हायनी."

नाना थांबले. घागर डाव्या हातावर तोलून त्यांनी उजव्या हाताच्या बोटाने टिचकी मारली. आवाज स्वच्छ आला. थोडी फिरवून पुन्हा मारली. मग कान जवळ नेऊन तिसऱ्यांदा. पुन्हा पुन्हा वाजवत ते तिथेच उभे राहिले, तशी कुंभारीण हसली. "पास शे का?"

तिला काही माहीत नव्हतं. मी नानांचा दंड धरला.

"पास शे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ह्याचं एक बरं आहे. तपासली तीच घरी नेता येते."

रिक्षात मी घागर माझ्या मांडीवर घ्यायला हात पुढे केले. त्यांनी दिली नाही. मेहरूणपर्यंत ती त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.